आढे वाकले? जॅकआधी दोरी ताणा

इंदुरात रामबागेपासून राजवाड्यामागच्या गल्ल्यांपर्यंत जुनी मराठी घरे अजून उभी आहेत: सागाच्या तुळया, वासे, रिपा आणि वर कवेलू, म्हणजे कौले. आमच्या घराचे आढे, म्हणजे छपराच्या माथ्याची तुळई, मधोमध खाली आले, तेव्हा पहिल्या मिस्त्रीने टेकू ठोकून ते एका दिवसात वर ढकलले. संध्याकाळपर्यंत भिंतीला बोटभर भेग पडली. वीस-वीस वर्षे वाकत आलेले लाकूड एका दिवसात सरळ होत नाही.

आधी मोजा. आढ्याच्या दोन्ही टोकांना खालून तीन इंची ठोकळे धरा, त्यांच्या खालच्या कडेवरून नायलॉनची दोरी ताणा आणि मधोमध दोरी व आढे यांच्यातली फट मोजा. फट दोन इंच भरली, तर बाक एक इंच. आकडा आणि तारीख पेन्सिलीने लाकडावरच लिहा. महिन्याभराने पुन्हा मोजा. आकडा हलला असेल, तर दुरुस्ती पुढे ढकलू नका. भिंतीला ओळंबाही लावा. वाशांच्या रेट्याने भिंत बाहेर झुकली असेल किंवा तुळईला आडवा तडा असेल, तर इथेच थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा.

मग कारण शोधा. बहुतेक वेळा खोट मधे नसते, भिंतीत बसलेल्या टोकाला असते. तिथे पेचकस टोचून पाहा. धड सागात टोक जेमतेम रुतते. ते अर्धा इंच सहज आत गेले आणि ओलसर, काळपट भुसा निघाला, तर वरून गळती आहे. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी. दोन्ही नसतील, तर कुणी मधला खांब काढला का, छपरावर टाकी चढवली का, हे विचारा. गळती आणि वाळवी आधी थांबवा. नाहीतर नवे लाकूडही त्याच वाटेने जाईल.

काम दिवाळीनंतर घ्या आणि मेअखेर उरका, कारण जूनच्या मध्याला पाऊस येतो. कवेलू दोन्ही उतारांवरून सारखे उतरवत जा. एकच बाजू रिकामी केली तर छप्पर कलते.

आता टेकू. स्क्रू जॅकखाली जाड फळी हवी, आणि भार जमिनीपर्यंत पोचायला हवा. वरच्या मजल्यावर टेकू लावलात, तर त्याच्या बरोबर खाली तळमजल्यावरही लावा. हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर रात्रभर भार ठेवू नका. रोज दोन-तीन मिलिमीटरच उचला. लाकूड करकरले, दार अडकू लागले किंवा गिलावा तडकला, तर दोन दिवस थांबा. पूर्ण सरळ करण्याचा हट्ट नको. निम्मा बाक गेला तरी पुरे.

उचललेल्या आढ्याला बाजूने तेवढ्याच उंचीची, वाळलेल्या लाकडाची नवी तुळई जोडा. दोन्ही टोके भिंतीवर टेकली पाहिजेत. बारा मिलिमीटरचे बोल्ट दीड-दीड फुटावर, एक वर एक खाली असे, मोठे वायसर घालून आवळा. नुसत्या खिळ्यांवर भागवू नका. कुजलेले टोक कापून लोखंडी पट्ट्यांनी नवा तुकडा बसवा, पण पट्ट्यांचे वेल्डिंग बाहेर करून आणा. राजवाड्याचा बराच भाग १९८४ च्या आगीत गेला. जुन्या सुक्या सागाखाली ठिणगी उडू देऊ नये. टोकाभोवती सिमेंट भरू नका. बोटभर फट ठेवा, तिथून लाकडाची ओल सुकते.

जॅकही उतरवा तो रोज थोडा थोडा. मग दोरी पुन्हा ताणून जुन्या आकड्याखाली नवा लिहा. नवे लाकूड पहिल्या वर्षात आकसते, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात सगळे नट एकदा पान्याने पुन्हा आवळा.