भात तांबूस पडतंय? आधी मुळं बघा, मग पोटॅश आणि राख

गगनबावडा, राधानगरी, चंदगडकडच्या तांबड्या, आम्लधर्मी खाचरांत रोपलागणीनंतर काही आठवड्यांत भात तांबूस पडतं. बरेच जण लगेच बुरशीनाशक फवारतात, नाहीतर युरिया फेकतात. पण सखल, पाणी तुंबणाऱ्या वाफ्यातच हे दिसत असेल, तर संशय लोहावर घ्या. तुंबलेल्या पाण्यात मातीला हवा मिळत नाही, लोह विरघळतं आणि मुळांवाटे पानांत चढतं.

खालच्या पानांवर शेंड्याकडून बारीक तपकिरी ठिपके सुरू झालेत का, बघा. मग एक चूड (एका जागी लावलेला रोपांचा झुपका) उपटून मुळं बादलीत धुवा. मुळांवर थोडा तांबूस लेप असेल तर घाबरू नका, ती पिकाचीच राखण आहे. भाताची मुळं हवा बाहेर सोडतात, त्यामुळे लोह गंजून मुळाबाहेरच अडकतं. पालाश म्हणजे पोटॅश कमी पडला की ही ताकद जाते. सगळी मुळं काळपट आणि नवं पांढरं मूळ एकही नाही, म्हणजे पीक हरायला लागलंय.

आता बांध फोडून पाणी काढा. सात-दहा दिवस नुसती ओल ठेवा, भेगा पडू देऊ नका. युरिया थांबवा आणि शिफारशीतला पोटॅशचा हप्ता फुटव्याच्या वेळी द्या.

खरा इलाज मात्र पुढच्या हंगामाआधी. माती तपासून घ्या. सामू (pH) ५.५ च्या खाली असेल तर अहवालात सांगितलेलाच चुना टाका. जास्त झाला की जस्त पिकाला मिळेनासं होतं. चारसूत्री भातशेती या चार सूत्रांच्या लागवड पद्धतीत सांगितल्याप्रमाणे रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळा. तिच्यातलं सिलिकॉन रोप ताठ करतं, मुळांची हवा खेळती ठेवतं. पेंढा जाळू नका, शेतात गाडा. पिकानं उचललेला बहुतेक पालाश त्यातच असतो. मात्र लागणीच्या बरेच आधी गाडा. ताजा पेंढा पाण्यात कुजला तर लोह आणखी विरघळतं.

नाचणी, भुईमुगाच्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत त्रास ॲल्युमिनियमचा. मुळांची टोकं आखूड, जाड होतात. तिथं चुना आणि स्फुरद (फॉस्फरस) कामाला येतात, कारण स्फुरद ॲल्युमिनियमला बांधून ठेवतो.

कारखान्याचं सांडपाणी येणाऱ्या ओढ्याकाठी शेत असेल तर शिसं आणि कॅडमियम या विषारी धातूंची तपासणी वेगळी मागा, नेहमीच्या अहवालात ती नसते. जस्ताची कमतरता भरून काढली की पीक कॅडमियम कमी उचलतं, पण मातीतला धातू तिथंच राहतो. अशा रानात मेथी, पालक घेऊ नका.