स्पॅनिशमध्ये 'सापडले' सांगताना या चुका टाळा

समजा, मालवणात घरगुती निवास-न्याहारी चालवणाऱ्या गृहस्थांना पाहुण्याच्या खोलीची हरवलेली किल्ली सापडली आणि ते त्याला स्पॅनिशमध्ये सांगायचे आहे. मनात वाक्य तयार असते: मला किल्ली सापडली. ते शब्दाला शब्द लावून उतरवले की 'मे एन्कोन्त्रो ला यावे' असे होते. हे वाक्य व्याकरणात बसते आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे. ऐकणारा त्याचा अर्थ 'त्याने मला किल्ली शोधून दिली' असा घेतो आणि हा 'तो' कोण, असे विचारतो.

या चुकीचे मूळ मराठीच्या रचनेत आहे. आपल्याकडे सापडणारी वस्तूच कर्ता होते आणि क्रियापद तिच्यामागून जाते: किल्ली सापडली, चष्मा सापडला, पैसे सापडले. माणूस 'मला' होऊन बाजूला उभा राहतो. स्पॅनिशमधील 'एन्कोन्त्रार' या क्रियापदाला मात्र ज्याला वस्तू सापडली तो माणूस कर्ता म्हणून लागतो, मग किल्ली एक असो वा दहा. म्हणून वाक्य जुळवण्यापूर्वी 'कोणाला सापडली?' असा प्रश्न विचारावा आणि उत्तरात जो येईल त्याचे रूप घ्यावे: मला असेल तर 'एन्कोन्त्रे', तुला असेल तर 'एन्कोन्त्रास्ते', आईला असेल तर 'एन्कोन्त्रो', आम्हाला असेल तर 'एन्कोन्त्रामोस', त्यांना असेल तर 'एन्कोन्त्रारोन'. वरचे वाक्य मग नुसते 'एन्कोन्त्रे ला यावे' एवढेच उरते. 'मे' हा शब्द स्पॅनिश माणसाच्या तोंडूनही ऐकू येतो, हे खरे आहे. वाटेत अवचित नाणे सापडले तर तो 'मे एन्कोन्त्रे उना मोनेदा' म्हणतो. पण तेथेही क्रियापद 'मी'चेच आहे, नाण्याचे नव्हे. वर्तमानकाळात तर जास्तच जपावे, कारण 'मे एन्क्वेन्त्रो माल' याचा अर्थ 'मला बरे वाटत नाही' असा होतो.

दुसरी चूक भूतकाळाची. अभ्यासक पूर्ण आणि अपूर्ण भूतकाळांचे तक्ते पाठ करतात आणि ऐन वेळी अडखळतात, हे पाहून मला फार वाईट वाटते, कारण नकारार्थी वाक्यात तरी हा भेद आपल्या रोजच्या बोलण्यात आधीपासून आहे. 'किल्ली सापडेना' आणि 'किल्ली सापडली नाही' ही दोन वाक्ये कोकणातले लहान मूलही एकमेकांच्या जागी वापरणार नाही. पहिल्यात शोध अजून चालू आहे, हात अजून खिसे चाचपत आहेत. दुसऱ्यात शोध संपला. 'सापडेना' असेल तेथे 'नो एन्कोन्त्राबा' आणि 'सापडली नाही' असेल तेथे 'नो एन्कोन्त्रे', ही खूण बहुतेक ठिकाणी पुरते. 'दोन तास किल्ली शोधली, पण सापडेना, मग शेजाऱ्यांना हाक मारली' या वाक्यात शोधणे आणि हाक मारणे पूर्ण भूतकाळात जाईल, मधले 'सापडेना' तेवढे अपूर्ण भूतकाळात राहील. शोधण्यासाठी 'बुस्कार' हे क्रियापद आहे. त्याला वस्तू थेट जोडावी, मध्ये 'पोर' घालू नये.

वर्तमानकाळात आघात धातूवर पडला की 'ओ'चा 'वे' होतो: एन्क्वेन्त्रो, एन्क्वेन्त्रास, एन्क्वेन्त्रा, एन्क्वेन्त्रान. 'आम्ही'च्या रूपात आघात पुढे सरकतो, म्हणून 'एन्कोन्त्रामोस' तसेच राहते. वर दिलेल्या भूतकाळाच्या रूपांत हा बदल मुळीच होत नाही.

'भेटणे' आणि 'मिळणे' यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. रत्नागिरीच्या बाजारात काका अचानक भेटले, तर 'मे एन्कोन्त्रे कोन मी तीओ' असे म्हणावे. गर्दीत चुकलेले काका शोधाअंती सापडले असतील, तर 'एन्कोन्त्रे आ मी तीओ'. येथील 'आ' विसरू नये, कारण कर्म ठरावीक माणूस असेल तर तो लागतोच. पहिल्यांदाच ओळख झाली असेल, तर 'कोनोसेर' हे वेगळेच क्रियापद आहे. पत्र किंवा पगार मिळाला, तर तो सापडलेला नसतो, त्यासाठी 'रेसिबिर' वापरावे. रत्नागिरीत आंबे मिळतात, हे सांगताना मात्र 'से एन्क्वेन्त्रान मांगोस' असे अनेकवचन येते, म्हणजे येथे क्रियापद मराठीसारखेच वस्तूच्या मागे जाते.

हेच 'से एन्क्वेन्त्रा' स्थान सांगायलाही चालते. सिंधुदुर्ग किल्ला मालवणसमोर आहे, हे 'एल फुएर्ते से एन्क्वेन्त्रा फ्रेन्ते आ माल्वान' असे सांगता येते. बारसू, कशेळी, उक्षी येथील कातळशिल्पांविषयी लिहिताना 'सापडणे' याच अर्थाचे 'आयार' हे भारदस्त क्रियापद शोभते. शोध लागल्याच्या लेखी बातमीत ते सहज येते, पण घरातला चष्मा सापडल्यावर ते वापरले तर बोलणे पुस्तकी वाटते.

शेवटची चूक उशिरा लक्षात येते, कारण तिच्यात क्रियापद बरोबर असते आणि पुढचे उपवाक्य चुकते. स्पॅनिश बोलणारा कोणीतरी स्वयंपाकी हवा आहे, तो असेल की नाही हे ठाऊक नाही, अशा वेळी 'बुस्को उन कोसिनेरो के आब्ले एस्पान्योल' असे संकेतार्थी (अनिश्चित गोष्टीसाठीचे, स्पॅनिशमध्ये 'सुब्खुन्तीवो') रूप येते, माणूस अनिश्चित असल्याने 'आ'ही गळतो. तोच स्वयंपाकी ओळखीचा असेल आणि आता फक्त कुठे गेला ते पाहायचे असेल, तर 'बुस्को आल कोसिनेरो के आब्ला एस्पान्योल'. 'नो एन्क्वेन्त्रो' म्हणजे 'सापडत नाही' याच्यामागेही तीच कसोटी लावावी: असा माणूस कोणी ठाऊकच नसेल तर 'आब्ले', आणि ठाऊक असून नेमका तोच दिसत नसेल तर 'आब्ला'.