डेटाबेस कुठून शिकू? माझं तर मामाच्या उधारीच्या वहीतून सुरू झालं

मागच्या महिन्यात तीन जणांनी एकच विचारलं, डेटाबेस शिकायचंय, कुठून सुरू करू, लिंक पाठव ना. म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी बी.कॉम.वाला, नागपूरला बर्डीवर एका ऑफिसात टॅलीत एन्ट्र्या मारायचो, कोडिंगशी काही घेणंदेणं नव्हतं.

पहिले क्लास लावला. १८,००० भरले आणि तीन आठवडे नॉर्मलायझेशनच्या (डेटा नीट टेबलांमध्ये वाटायचे नियम) व्याख्या उतरवून घेतल्या, कॉम्प्युटरला हात नाही. मग चिडून उलटं टोक गाठलं, फुकटात मिळेल ते गोळा करायला लागलो, मोबाईलमध्ये पीडीएफचा ढीग आणि यूट्यूबच्या आठ प्लेलिस्ट सेव्ह, पण प्रत्येकीचा पहिलाच व्हिडिओ पाहिलेला, म्हणजे 'डेटा म्हणजे काय' हे मी आठ वेळा शिकलो आणि पुढचं एकदाही नाही.

गाडी हलली ती एसक्यूएलबोल्ट या वेबसाईटने. एसक्यूएल म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, आणि त्या भाषेत विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी. ब्राउझरमध्येच छोटे छोटे धडे, लगेच क्वेरी लिहायची, काही इन्स्टॉल करायची भानगड नाही. मी खापरी ते सीताबर्डी मेट्रोत बसून मोबाईलवर करायचो (कंस टाइप करताना जीव जातो, पण होतं). ते संपलं की एसक्यूएलझू ही दुसरी साईट, तिथं देशांची लोकसंख्या वगैरे घेऊन प्रश्न असतात, थोडे कठीण. थिअरी लागेलच, त्यासाठी एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) डीबीएमएस, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोर्स फुकट बघता येतो, पण तो दोन महिने क्वेरी लिहून झाल्यावर बघा, आधी बघाल तर झोप येईल. आणि पुस्तक जुनं असलं तरी घाबरू नका, रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांमध्ये मांडायची मूळ कल्पना, त्यावरचा एडगर कॉड या संशोधकाचा पेपर १९७० चा आहे, सिलेक्ट (डेटा काढणं) आणि जॉइन (टेबल एकमेकांना जोडणं) काही दरवर्षी बदलत नाहीत. मी सेकंडहँडच घेतलं होतं.

पण खरं शिकणं झालं ते मामाच्या किराणा दुकानात. उन्हाळा, दुपारी गिऱ्हाईक नाही, कूलरसमोर बसून मामाची उधारीची वही लॅपटॉपवर चढवायला घेतली. एसक्यूलाईट हे छोटं डेटाबेस सॉफ्टवेअर घ्या यासाठी, सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, सगळा डेटाबेस म्हणजे एक फाईल, आणि वरून डीबी ब्राउझर नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं की टेबल डोळ्यांनी दिसतात. मी तीन टेबल केले, गिऱ्हाईक, उधारी, जमा. तिन्ही जॉइन करून प्रत्येकाची बाकी काढली आणि मोठ्या ऐटीत मामाला दाखवली.

मामा म्हणे, "काऊन बे, गुरुजीकडं पाचशे बाकी हाये, तुयं मशीन तीनशे सांगून राह्यलं, दोनशे तू देशील काय?"

दोन दिवस डोकं खाल्लं त्याने. गुरुजींच्या उधारीच्या नोंदी तीन, ५००, ४०० आणि ३००, एकूण १२००. जमेच्या दोन, ४०० आणि ३००, एकूण ७००. पण उधारी आणि जमा यांचा आपसात काही संबंध नाही, त्यामुळे एकाच क्वेरीत जॉइन केलं की प्रत्येक उधारी प्रत्येक जमेसोबत जोडली जाते, तीन गुणिले दोन, सहा ओळी. उधारी दुप्पट होऊन २४००, जमा तिप्पट होऊन २१००, बाकी ३००. बेरजा आधी आपापल्या टेबलमध्ये वेगवेगळ्या करायच्या, मग जोडायच्या. हे मला कोणत्याच प्लेलिस्टने शिकवलं नव्हतं, आणि कसं शिकवणार, सॅम्पल डेटाबेसमध्ये आकडा चुकला तर आपल्याला काय कळणार, मामाला मात्र गुरुजींची बाकी तोंडपाठ आहे.

असंच नलचं, म्हणजे काहीच न भरलेल्या रकान्याचं. मोबाईल नंबर नसलेले गिऱ्हाईक शोधायला 'बरोबर नल' असं लिहिलं, एकही ओळ येईना. 'इज नल' लिहावं लागतं, कारण नल म्हणजे माहीत नाही, आणि जे माहीतच नाही ते कशाच्या बरोबर कसं असणार.

एसक्यूलाईटची एक खोड सांगून ठेवतो, ते लय सोशिक आहे. अंकाच्या कॉलममध्ये 'तीनशे' असं अक्षरात टाकलं तरी चूपचाप ठेवून घेतं आणि बेरजेत शून्य धरतं. २०२१ पासून टेबल स्ट्रिक्ट, म्हणजे चुकीच्या प्रकारची नोंद नाकारणारं, करायची सोय आहे, ती वापरा. बाकी दोनेक महिन्यांनी पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसवर जा, ते तिथंच कान धरतं. त्याच्या सरावासाठी पीजीएक्झरसायझेस ही साईट, एका क्लबचे मेंबर आणि बुकिंग, सोप्यापासून कठीणपर्यंत, माझ्या मते यापेक्षा चांगला फुकट सराव नाही. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीच्या इंटरव्ह्यूत मला सगळ्यात जास्त पगारांमधला दुसऱ्या नंबरचा पगार काढायला सांगितलं, तेवढं त्या सरावावर निघालं, पण जॉइनबद्दल विचारलं तेव्हा मी गुरुजींचेच तीनशे सांगितले आणि समोरचा हसला.

आणि हो, अपडेट (नोंद बदलायची आज्ञा) लिहिताना व्हेअर, म्हणजे कोणाची नोंद बदलायची ती अट, विसरू नका. मी एका माणसाची उधारी 'चुकता' करायला गेलो आणि अख्ख्या मोहल्ल्याची चुकता झाली. फाईलची कॉपी काढून ठेवली असती तर मिनिटाचं काम होतं, नव्हती काढली. मामाने न बोलता वही समोर सरकवली आणि मी परत पहिल्या पानापासून एन्ट्र्या मारायला बसलो.