लॅपटॉप घेताना नॅनोमीटरकडे किती बघावं?

पुण्याच्या तपकीर गल्लीत काय किंवा मॉलमध्ये काय, लॅपटॉप बघायला गेलात की कुणीतरी सांगतंच, "हा सहा नॅनोमीटरचा आहे, तो सातचा, जुना." मान डोलवायला हरकत नाही, पण पैसे काढू नका.

आधी एक लक्षात घ्या: हा आकडा प्रोसेसरची चिप कोणत्या तंत्राने बनवली त्याचं नाव आहे, मोजमाप नव्हे. पूर्वी ट्रान्झिस्टरच्या (चिपमधल्या सूक्ष्म स्विचच्या) गेटच्या, म्हणजे तो चालू-बंद करणाऱ्या भागाच्या, लांबीशी त्याचा संबंध असायचा, तो १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुटला. '३ नॅनोमीटर' चिपमध्येही शेजारशेजारच्या गेटमधलं अंतर ४० नॅनोमीटरच्या वरच असतं. इंटेलने २०२१मध्ये सुधारित १० नॅनोमीटरचं बारसं 'इंटेल ७' असं केलं. ती तशी लबाडीही नव्हती, कारण ट्रान्झिस्टरची दाटी टीएसएमसी या तैवानी चिप कंपनीच्या ७ नॅनोमीटरच्या तोडीचीच होती.

आता प्रोसेसरचं पूर्ण नाव मागा. नुसतं 'रायझन ५' (हे एएमडीचे प्रोसेसर) चालणार नाही. डेमो लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर नाव दिसतं. रायझन ५ ७५२०यू ६ नॅनोमीटरचा, पण त्यात झेन २ या जुन्या रचनेचे चार कोअर (गणनेचे भाग). ७५३०यू ७ नॅनोमीटरचा, त्यात नंतरच्या झेन ३चे सहा. कोडिंग असो की एक्सेल, दुसराच सरस. या मालिकेत तिसरा अंक बघायचा, पिढी तिथे कळते. (पहिला ७ फक्त मॉडेलचं वर्ष सांगतो. ग्राहकाला चकवायला एवढं पुरतं.)

मोबाइलमध्ये तर आकडा सारखा असूनही फरक पडतो. क्वालकॉमचे मोबाइल प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ८ जेन १ आणि ८ प्लस जेन १ दोन्ही '४ नॅनोमीटर'; पहिला सॅमसंगच्या कारखान्यातला, दुसरा टीएसएमसीच्या. दुसऱ्याला एकूण सुमारे १५ टक्के कमी वीज लागते, असा खुद्द क्वालकॉमचा दावा होता.

मग रिव्ह्यू वाचताना बॅटरी किती तास चालली आणि अर्धा तास सलग ताण दिल्यावर वेग किती उतरला, एवढं शोधा. एकाच कारखान्याच्या दोन पिढ्यांची तुलना असेल तरच नॅनोमीटरला थोडं वजन द्या.

शेवटी रॅम विचारा. ७५२०यूबरोबर एलपीडीडीआर५ रॅम येते, ती बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असते. ८ जीबीचा घेतलात तर पुढे वाढवता येणार नाही.