कोळी औषधाला दाद देईनात तेव्हा

बागेत लाल कोळ्यांवर (पानातला रस शोषणारी बारीक कीड) अबामेक्टिन हे कोळीनाशक चालेनासं झालं. फवारणीनंतर भिंगातून पानाची खालची बाजू पाहिली, तर जाळीत काचेसारखी गोल अंडी आणि फिरणारे कोळी तसेच. उन्हाळ्यात यांची पिढी 7 ते 10 दिवसांत पुरी होते, म्हणून वाचलेल्यांची पिलावळ लगेच बाग व्यापते. डोस वाढवून काही साधत नाही.

मी ब्रँड न बघता आयआरएसी गट क्रमांक (औषध किडीला कोणत्या पद्धतीनं मारतं, त्यावरून दिलेला आकडा) बघून औषध बदललं: अबामेक्टिन 6, फेनाझाक्विन 21ए, स्पायरोमेसिफेन 23 (हे मुख्यतः अंडी-पिल्लांवर). एक गट हंगामात एकदाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं पूर्ण बंद; त्यानं कोळी खाणारे मित्रकोळीच मरतात. धुळीत कोळी वाढतात, म्हणून धुळीचे रस्तेही ओले ठेवले. आता पानावर मित्रकोळी पळताना दिसतात, फवारण्याही कमी झाल्या.