टाइमशेअर घेताय? आधी देखभाल खर्चाची जुनी बिलं मागा

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी एखादा आठवडा राहण्याचा हक्क, बऱ्याच वर्षांसाठी आधीच विकत घेणं. ‘फक्त दीड तास द्या, भेटवस्तू घेऊन जा’ म्हणून तो विकायला आम्हाला बसवलं, ते साडेतीन तास. तिसऱ्या विक्रेत्याने कोऱ्या कागदावर हॉटेलभाडं गुणिले पंचवीस वर्षं असा हिशोब मांडून कागद पुढे सरकवला. त्यात देखभाल खर्चाची ओळच नव्हती. मी सही केली. पुढचं सगळं त्या सहीनंतरचं शहाणपण.

देखभाल खर्च दरवर्षी भरावाच लागतो, तुम्ही जा अथवा जाऊ नका. आणि तो वाढत जातो. मागच्या पाच वर्षांची बिलं मागा. वाढीला मर्यादा कुठे घातली आहे, ते करारात बोट ठेवून दाखवायला सांगा. छप्पर, लिफ्ट अशा मोठ्या कामांसाठी वेगळी वर्गणी काढता येते का, तेही विचारा. मग घरी बसून खरेदीची रक्कम भागिले वर्षं, अधिक देखभाल, अधिक कर्जाचं व्याज असा आकडा काढा आणि त्याच रिसॉर्टच्या साध्या भाड्याशेजारी ठेवा. मी हे उशिरा केलं. भाडंच स्वस्त निघालं.

मुलं शाळेत असतील तर सुट्टीतला ठरलेला आठवडाच घ्या. मी फिरता (म्हणजे तारखा दरवर्षी नव्याने मागायच्या असा) घेतला, आणि दर सुट्टीत एकच उत्तर: ‘त्या तारखा भरल्या.’ आठवड्याऐवजी पॉइंट्स घेऊन त्यांवर दिवस मिळवायचे म्हटलं, तरी तेच; गर्दीच्या दिवसांत ते जास्त खर्ची पडतात. एखाद्या जुन्या सभासदाला तुमच्या तारखा तुमच्यासमोर शोधायला सांगा.

‘जगभर कुठेही बदलून मिळेल’ यावर भाळू नका. आरसीआय (1974) आणि इंटरव्हल इंटरनॅशनल (1976) या आपला आठवडा दुसऱ्या रिसॉर्टमधल्या आठवड्याशी बदलून देणाऱ्या जुन्या कंपन्या, पण सभासदत्व वेगळं, प्रत्येक बदलाचं शुल्क वेगळं. पावसाळी आठवडा देऊन ऐन हंगामातला समुद्रकिनारा मागायला जाऊ नये.

नवा घेण्याआधी तोच आठवडा दुसऱ्या हाताने केवढ्याला विकला जातोय, ते बघा. बहुधा तिथेच डोळे उघडतात. फक्त सगळ्या सवलती नव्या मालकाला मिळतात का, हे रिसॉर्टकडून लेखी घ्या. (विकायची वेळ आली, तर ‘आधी फी भरा, गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.)

सही झालीच असेल, तर आजच करार रद्द करण्याचं कलम शोधा. युरोपीय संघात 14 दिवस मिळतात आणि तोवर आगाऊ पैसे घ्यायला बंदी आहे. फ्लोरिडात 10 दिवस. पत्र लेखीच द्या, पोच जपून ठेवा. माझ्या करारात ते कलम बाराव्या पानावर होतं. मी तिथवर पोचलो तेव्हा महिना उलटला होता.