बिझनेस हॉटेलात पाहुण्याची खाजगी माहिती फुटते कुठून? या चुका टाळा

चाकण पट्ट्यातल्या हॉटेलांत संध्याकाळी सात ते नऊ रिसेप्शनवर जत्रा असते. कंपन्यांच्या गाड्या एकामागून एक लागतात, माणसं दमलेली, लॅपटॉपच्या बॅगा काउंटरवर. आणि नेमका तेव्हाच नवा पोरगा खणखणीत आवाजात म्हणतो, "वेलकम मॅडम! तीनशे बारा, तिसरा मजला, लिफ्टच्या उजवीकडे." मागे उभ्या असलेल्या आठ जणांना मॅडमची खोली कळली. त्या एकट्या आल्यात हे त्यांना दिसतच होतं.

बारा वर्षं फ्रंट ऑफिसला काढल्यावर माझं मत असं झालंय की हॉटेलात माहिती बदमाशीने कमी आणि अगत्याने जास्त फुटते. विचारणाऱ्याला 'सांगता येणार नाही' म्हणायचं आपल्या जिवावर येतं.

खोलीचा नंबर की-कार्डच्या पाकिटावर लिहा आणि त्यावर बोट ठेवून दाखवा. तोंडातून गेलाच, तर सारवासारव करू नका. दुसरी खोली द्या.

फोनवर किंवा लॉबीत कुणी "साहेब उतरलेत ना तुमच्याकडे?" विचारलं की 'हो' म्हणायचं नाही आणि 'नाही'ही म्हणायचं नाही. "नाव आणि निरोप सांगा, या नावाचे पाहुणे असतील तर पोचवतो," एवढंच. लॉबीतल्या फोनवर जोडलेल्या खोलीचा नंबर उमटतो का, तेही एकदा तपासा. 'ओळखीचे आहेत, शेजारची खोली द्या' ही मागणी तर पाहुण्याला विचारल्याशिवाय मान्य करायचीच नाही. 2008 मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका हॉटेलात क्रीडा वार्ताहर एरिन अँड्र्यूज यांच्या मागावर असलेल्या माणसाने अशीच शेजारची खोली मागितली, ती त्याला मिळाली, आणि त्याने दाराच्या पीपहोलमधून त्यांचं चित्रण केलं. 2016 मध्ये ज्युरीने 5.5 कोटी डॉलरची भरपाई ठरवली. त्यातला 49 टक्के वाटा हॉटेलच्या मालक-चालकांवर टाकला.

आता बिझनेस हॉटेलचं खास दुखणं. बिल कंपनी भरते, म्हणून पाहुण्याची माहितीही कंपनीची, असं आपण धरून चालतो. आमच्याकडे एकदा एका कंपनीच्या अ‍ॅडमिनचा फोन आला: "आमचे इंजिनिअर काल रात्री किती वाजता परतले? सोबत कोणी होतं का?" नाइट शिफ्टच्या पोराने व्हिजिटर रजिस्टर उघडून सगळं वाचून दाखवलं. वर "अजून काही मदत सर?" ते इंजिनिअर पुढच्या महिन्यात समोरच्या हॉटेलात उतरले, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांची अख्खी टीम. कंपनीला लागतं ते बिल. तेही दोन भागांत करा: खोली-नाश्ता कंपनीच्या नावे, लाँड्री, बार वगैरे पाहुण्याच्या. दुसरा कागद पाहुण्याच्या हातात.

"दाराचं कार्ड चालत नाही" ही तक्रार रोजचीच. घाईत लगेच नवं कार्ड काढून देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आधी बुकिंगचं नाव, कंपनी, कधी आलात हे विचारा आणि ओळखपत्र बघा. ओळखपत्र खोलीत राहिलं असेल तर कोणीतरी सोबत जाऊन दार उघडावं, उंबऱ्यावर थांबावं, ओळखपत्र बघूनच परतावं. मग कारण शोधा. बहुतेक वेळा मुक्काम वाढवलेला असतो, पण कार्डावर जुनीच चेक-आउटची तारीख असते. नाहीतर कुलपाची बॅटरी उतरलेली असते. भरलेल्या खोलीत दुसरा पाहुणा शिरला, तर कारण बहुधा हे: रात्री खोली बदलून दिली, वहीत लिहिलं, सिस्टिममध्ये कोणी बदललंच नाही. दोन्ही पाहुण्यांना ड्युटी मॅनेजरने स्वतः भेटायचं, आधीची कार्डं रद्द करायची, आणि कुलपाची नोंद काढून दार कधी उघडलं ते बघायचं.

ओळखपत्रांचा कारभार तर विचारू नका. आधारचा फोटो रिसेप्शनिस्टच्या स्वतःच्या मोबाइलवर, तिथून हॉटेलच्या ग्रुपवर, आणि पोरगा नोकरी सोडून गेला तरी फोटो त्याच्याकडेच. पाहुण्याने शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार दिलं तर हुज्जत घालू नका. विदेशी पाहुण्याची माहिती सरकारला 24 तासांत ऑनलाइन कळवावीच लागते, पण त्यासाठी पासपोर्टची झेरॉक्स दिवसभर काउंटरवर पडून राहायची गरज नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नाश्त्याच्या दारात नाव आणि खोली नंबरांची यादी पालथी न घालता ठेवणारे आम्हीच!

हाउसकीपिंगचं थोडक्यात. दारावर 'डू नॉट डिस्टर्ब' असेल तर टकटक नाही. दुपारी एक फोन. पूर्ण दिवस उत्तर नाही, तर ड्युटी मॅनेजर आणि आणखी एक जण, दोघांनी मिळून दार उघडायचं. एकट्याने कधीच नाही.

आणि टेबलावरचे कागद. आमच्या मावशींचा नियम सरळ आहे: डस्टबिनच्या आत असेल तो कचरा, बाहेर असेल ते पाहुण्याचं. एकदा चहाचा डाग पडलेला, चुरगळलेला एक चिठोरा त्यांनी टेबल पुसून पुन्हा होता तिथेच, पेनाखाली ठेवला. संध्याकाळी पाहुणा धावत खाली आला. त्यावर दुसऱ्या दिवशीच्या टेंडरचे आकडे होते.